तीन बोटांच्या बाई

बाईंनी मला पहिल्या भेटीत नमस्कार केला नाही. मी नव्या कोऱ्या साडीत, भूगोलाची नवी शिक्षिका म्हणून स्टाफरूमच्या दारात उभी होते. त्या हातातला डबा बाजूला ठेवून माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, “तोंड उघड बघू.”

मी उघडलं. का उघडलं ते आजही सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की माणूस सांगितलेलं आधी करायचा आणि विचार मागाहून करायचा.

“आता तुझी ही तीन बोटं एकावर एक धर आणि उभी आत घाल. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये. जातात? छान. चालशे. बस, चहा घे.”

बाकीच्या शिक्षकांनी वह्यांतून मानसुद्धा वर केली नाही. सगळे त्यातून गेलेले होते. हेडसर तर म्हणे मुलाखतीला आले तेव्हाच गेले होते.

बाई आमच्या मराठी शाळेत संगीत शिकवायच्या. आणि नवरात्रात नऊ दिवस अख्ख्या बडोद्याला गरबा खेळवायच्या. बडोद्याचा गरबा म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. मोठं मैदान, मधोमध स्टेज, आणि त्याच्याभोवती एकाच दिशेने, एकाच ठेक्यात फिरणारं गाव. त्या फिरण्याचा वेग स्टेजवरच्या एका माणसाच्या गळ्यात असतो. नव्वदीच्या दशकात तो गळा आमच्या बाईंचा होता. ऑगस्ट संपला की रस्त्यारस्त्यावर त्यांच्या चेहऱ्याचे बोर्ड लागायचे. त्या बोर्डांखालूनच त्या रोज लुनावरून शाळेत यायच्या, डोक्याला स्कार्फ, अंगावर इस्त्री नसलेली सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हेच बूट आणि हीच साडी स्टेजवरही असायची. आयोजकांनी एकदा लहरीपुऱ्यातून आरशाआरशांची भारी चणिया-चोळी आणून दिली होती. बाईंनी तिचे पडदे शिवले. “मी गाणारी आहे, खेळणारी नाही,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या नातेवाइकांना हे गरबा प्रकरण फारसं पसंत नव्हतं. बाईंचे आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात गाणं होतं, पण बैठकीवरचं. एक आत्या तर माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या होत्या, “एवढं रीतसर शिकलीस आणि मैदानात ढोलावर ओरडतेस?”

बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “आत्या, ख्याल ऐकायला मोजकी डोकी येतात, त्यातली निम्मी झोपतात. गरब्याला गाव जागं असतं. जाग्या माणसाला काहीतरी सांगता येतं.”

त्यांना काय सांगायचं होतं, ते संगीताच्या तासातून सुरू झालं होतं. मी शाळेत येण्याच्या आधीची गोष्ट. नववीत एक मुलगा होता. आवाज असा की बाई त्याला रोज शाळा सुटल्यावर थांबवून शिकवत. सहामाहीनंतर त्याचा आकार बिघडला. “आ” म्हण म्हटलं की “ए”सारखं काहीतरी यायचं. बाईंना वाटलं, आळस करतोय. तोंड उघड, तोंड उघड म्हणून रागावल्या, पट्टी दाखवली. तो रडायला लागला. म्हणाला, “बाई, उघडतच नाही.” त्याला घेऊन त्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मुलगा दोन वर्षं मावा खात होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून देतात तो. शाळेच्या फाटकासमोरच्या गल्ल्यावर, म्हणजे पानाच्या टपरीवर, मिळायचा. गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठ झाली होती. डॉक्टरांनी त्याला तीन बोटं आत घालायला सांगितली. दोनच गेली. पुढे जाऊन यातून कॅन्सर होऊ शकतो, असंही म्हणाले.

मुलाने मावा सोडला, वाचला. आता कुठे तरी नोकरी करतो. पण गाणं गेलं. बाई एवढंच सांगायच्या.

त्या दिवसापासून त्या गावाची तोंडं बघत सुटल्या. भाजीवाला, पोस्टमन, रिक्षावाले, विम्याचा एजंट, सगळ्यांना तीन बोटं. नुसतं तेवढ्यावर भागायचं नाही. समोरच्याच्या सदऱ्याच्या खिशातून गुटख्याची पुडी डोकावताना दिसली की त्या सरळ हात घालून काढून घ्यायच्या. पुडीला आमच्याकडे पडीकी म्हणतात. बाईंच्या लुनाच्या टोपलीत पडीक्यांचा ढीग असायचा. त्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, कुणी उचलेल म्हणून. घरी नेऊन बादलीभर पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी अंगणातल्या जास्वंदीवर फवारायच्या. त्यांच्या अख्ख्या अकोटा भागात जास्वंदीवर मावा पडायचा, बाईंच्या झाडावर नाही. “माव्याने मावा मारते मी,” म्हणत स्वतःच हसायच्या. ज्यांच्या खिशात त्यांनी हात घातला त्यातल्या एकानेही कधी हात धरला नाही. उलट घरी जाऊन सांगायचे, आज बेनने माझी पडीकी घेतली.

प्रसिद्धीचं काय करायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. आमच्या फाटकासमोरचा तो गल्ला हलवावा म्हणून शाळेने कितीदा तक्रार केली होती. काही झालं नाही. मग महापालिकेतल्या एका मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि साहेब स्वतः बाईंकडे आले. लग्नात बेनने गायलं पाहिजे, मुलीचा हट्ट आहे. बाई लग्नात कधीच गायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “गाते. पण वरात निघायच्या आधी शाळेसमोरचा गल्ला निघाला पाहिजे.” गल्ला निघाला. बाई गायल्या.

गोष्ट इथे संपली असती तर ती दुसऱ्या कुणाची झाली असती. दुसऱ्या दिवशी बाई त्या गल्लेवाल्याच्या घरी गेल्या. त्याला सेव-उसळीची गाडी टाकायला लावली, आणि पुढचे कितीतरी महिने रोज संध्याकाळी त्या गाडीसमोर उभ्या राहून, सगळ्यांना दिसेल अशी सेव-उसळ खाल्ली. बेन खाते म्हणून गर्दी झाली. मला म्हणाल्या, “माझ्या फोटोवर लोक साबण विकतात, मी उसळ विकली तर काय बिघडलं? पोटात मात्र आग पडलीय गं.”

एकदा मुंबईचा एक नट गरब्याच्या उद्घाटनाला आला होता. पानमसाल्याच्या जाहिरातीत तो तेव्हा सगळीकडे दिसायचा. स्टेजच्या मागे खुर्च्या टाकल्या होत्या. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, सही हवी आहे. बाई हिंदीत म्हणाल्या, “तुमची तीन बोटं जातात का हो तोंडात?” तो गोंधळला, त्याने घातली, आरामात गेली. “म्हणजे तुम्ही स्वतः खात नाही,” बाई म्हणाल्या. “मग दुसऱ्यांना कशाला खा म्हणता?” तो उठला. फोटो न काढताच गेला. जाहिरात चालूच राहिली. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं. त्यांची खरोखर समजूत होती की माणसाला एकदा नीट विचारलं की तो थांबतो.

आता रमणभाईंविषयी सांगायला हवं.

रमणभाई बाईंचे ढोली. पाणीगेटला राहायचे. उंच, रुंद खांद्यांचे, आणि बोलायला अतिशय कमी. बाईंच्या पहिल्या गरब्यापासून ढोल त्यांचाच. बाई स्टेजवर एकदाही मागे वळून बघायच्या नाहीत. श्वास कुठे घेणार हे रमणभाईंना आधी कळायचं आणि ढोल तेवढा हलका व्हायचा. मी कोरसमध्ये गायला लागले ते बाईंनी एकदा मला वर्गात नकाशा शिकवताना ऐकलं म्हणून. “तुझा आवाज नद्यांच्या नावांत वाया चाललाय,” म्हणाल्या. त्यामुळे हे सगळं मी दोन हातांवरून पाहिलेलं आहे.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आयोजकांचा प्रायोजक फिरला. आइस्क्रीमची कंपनी ऐन वेळी मागे हटली. आयोजक म्हणजे जशभाई. गोड बोलणारा, धावपळ करणारा माणूस, आणि मनाने चांगला. त्या मैदानाचं उत्पन्न दरवर्षी इस्पितळातल्या लहान मुलांच्या एका वॉर्डाला जायचं. त्या वर्षी वॉर्डात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास द्यायचं यंत्र यायचं होतं. म्हणून तर बाई त्या मैदानावर गायच्या, दुसऱ्या कुणाकडे जायच्या नाहीत.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही साउंड तपासायला मैदानावर गेलो, आणि स्टेजच्या मागे दुमजली उंचीची गुटख्याची पडीकी उभी होती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली. रंग, अक्षरं, सगळं हुबेहूब. तिच्या खाली बाईंचं नाव.

बाई लुनावरून उतरल्याच नाहीत.

“बेन, आ वखते जरा समजी लो,” जशभाई हात जोडून म्हणाले. “दुसरा कुणी उभाच राहिला नाही. यंत्राची ऑर्डर गेलीय. तुम्हीच सांगा, मी वॉर्डात काय तोंड दाखवू?”

“एका हाताने आजार वाटायचा आणि दुसऱ्या हाताने यंत्र?”

“बेन, त्या बाळांनी कुठे गुटखा खाल्लाय?”

बाईंनी लुना बंद केली. तेवढ्यात रमणभाई ढोल खाली ठेवून पुढे आले. ओठ फारसे न हलवता, पुटपुटल्यासारखे म्हणाले, “बेन, गाओ. आपल्या सगळ्यांचं वर्ष या नऊ दिवसांवर आहे.” खरंच होतं. वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर त्यावर चालायचं. रमणभाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं.

बाई गायल्या. पण करारात अशी अट होती की मध्यंतराला गायिकेने प्रायोजकाचं नाव घ्यायचं. बाई नाव घेईनात. रोज मध्यंतर झालं की पाणी प्यायच्या आणि खुर्चीवर डोळे मिटून बसायच्या. तीन-चार दिवसांनी कंपनीचा माणूस तक्रार करू लागला. जशभाईंची इकडून तिकडे नुसती धावपळ. शेवटी अष्टमीला, जेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ते अगदी रडकुंडीला आले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं जशभाई. आज घेते.”

मध्यंतराची आरती झाली. बाई उठून पुढे आल्या. गुजराती त्यांचं आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्यांनी अगदी स्वच्छ शब्दांत गुटख्याचं नाव घेतलं. कंपनीचा माणूस खूश होऊन टाळ्या वाजवू लागला. मग त्या म्हणाल्या, “ज्यांचं नाव घेतलं त्यांच्यासाठी आता आपण सगळे मिळून एक काम करू. उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक धरा. आणि उभी तोंडात घाला.”

आधी हशा पिकला. मग बाईंनी स्वतः घातली. मग समोरच्या रांगेतल्या बायकांनी. बघता बघता ते लांबवर पसरत गेलं, आणि अख्खं मैदान, चणिया-चोळ्या, पुरुषांची घेरदार केडियं, टिपऱ्या काखेत धरलेली पोरं, खुर्च्यांवरची म्हातारी माणसं, सगळी तोंडात बोटं घालून उभी राहिली. हसणं हळूहळू कमी झालं. कारण ज्यांची जात नव्हती ते शेजारच्याकडे बघू लागले. माझ्या समोरच एक तरुण नवरा होता. बायको त्याच्याकडे बघत होती आणि तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता.

“ज्यांची गेली नाहीत,” बाई म्हणाल्या, “त्यांनी घाबरायचं नाही. लाजायचं नाही. उद्या सकाळी दातांच्या दवाखान्यात या. मी तिथे उभी असेन.”

आणि मग, जणू हे वाद्यमेळालाही लागू आहे असं दाखवायला, त्या हसत मागे वळल्या. त्या स्टेजवर कधी मागे वळायच्या नाहीत हे मी सांगितलंच. बाजावाला, बासरीवाला, आम्ही कोरसच्या बायका, सगळ्यांनी तोंडात बोटं घातलेली होती. रमणभाईही उभे होते. गळ्यात ढोल, आणि उजवा हात तोंडाशी. एक बोट आत होतं. दुसरं ओठांशी अडलं होतं. त्यांनी लपवलं नाही. ते बाईंच्या डोळ्यांत बघत तसेच उभे राहिले.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. इतकी वर्षं बडोद्याची तोंडं तपासली, आणि आपल्या मागे चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी कधी “तोंड उघडा” म्हटलं नव्हतं. आपल्या माणसाला काय तपासायचं, असं वाटलं असेल. किंवा त्या कधी मागे वळल्याच नव्हत्या.

खाली मैदान वाट बघत होतं. बाई पुढे वळल्या आणि गायला लागल्या. ढोल सुरू झाला. गायलेलं कसं झालं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की त्या दिवशी उरलेला सगळा वेळ बाईंनी ठेका वाढवलाच नाही. लोकही कुरकुरले नाहीत, संथ फिरत राहिले.

सकाळी दवाखान्यासमोर रांग पार कोपऱ्यावरून वळली होती. बहुतेक पुरुष, काही बायकाही. डॉक्टर हबकले, शिकाऊ डॉक्टरांना बोलावून घेतलं. बाई प्रत्येकाशी बोलत होत्या आणि नजर रांगेच्या शेवटाकडे होती. रमणभाई आले नाहीत. दुपारी त्या मला म्हणाल्या, “चल, बस मागे,” आणि आम्ही लुनावरून पाणीगेटला निघालो. मी मागे बसून ठरवत होते, यांनी फार आरडाओरड केली तर मध्ये काय बोलायचं.

रमणभाईंच्या घरी त्यांची बायको, कोकिलाबेन, होती. तिने खाट झटकून दिली. बाई खाटेवर न बसता खाली जमिनीवर रमणभाईंसमोर बसल्या. कोकिलाबेनने चहा आणला. रमणभाईंनी बशीत ओतून, मान कलती करून, ओठांच्या एका कोपऱ्यातून तो ओढून घेतला. बाई बघत होत्या.

“किती दिवस झाले?”

“तोंड तर केव्हाचं मिटत चाललंय, बेन. आत फोड आला तो होळीच्या सुमाराला.”

“जेवता काय?”

उत्तर कोकिलाबेनने दिलं. “भात पातळ करून देते. तिखट तर लागूच देत नाही.” मग एकदम बाईंवर चिडून म्हणाली, “मी यांना म्हटलं, बेनला सांगा. सगळ्या गावाला सांगते, तिला सांगा. तर म्हणतात, बेनला कसं सांगू? तिचाच ढोली मावा खातो हे गावाला कळलं तर तिचं कोण ऐकेल?”

मला वाटलं आता बाई उसळतील. त्यांनी आपला चहा फरशीवर ठेवला. मग म्हणाल्या, “रमणभाई, माझं कुणी नाही ऐकलं तरी चाललं असतं हो.” आणि त्यांचा आवाज, ज्याच्यावर गाव फिरायचं तो आवाज, मध्येच तुटला. मी तिथून उठून अंगणात गेले.

नवमीला रमणभाई हट्टाने वाजवायला आले. दसरा झाला आणि आम्ही त्यांना अहमदाबादला नेलं. फोड कॅन्सरचाच निघाला. ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा जबडा आणि गालाचा भाग काढावा लागला. मग किरणांचे शेक. बाई शाळेतून रजा काढून आठवड्याला जायच्या, कधी मीही.

इकडे कंपनीने कबूल केलेलं सगळं मागे घेतलं. यंत्राची ऑर्डर रद्द होणार होती. जशभाई बाईंकडे आले. रागवायलाच आले असावेत, पण बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, “माझ्यामुळे गेलं, मी आणते. मला गाणी मिळवून द्या. कुठलीही.” आणि त्या हिवाळ्यात बाई जिथे म्हणाल तिथे गायल्या. लग्नं, मुंजी, सोसायट्यांमधल्या वास्तुशांती, एका कारखान्याच्या कामगारांचं स्नेहसंमेलन. एकदा ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन होतं. बाई दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये खुर्चीवर बसून गात होत्या आणि जशभाई बाहेर गाडी चालू ठेवून उभे होते, कारण तासाभरात पुढच्या बारशाला पोचायचं होतं. ज्या माणसाशी भांडण व्हायचं त्याच्याशीच त्यांची जन्माची मैत्री झाली. उन्हाळ्यात यंत्र वॉर्डात आलं. उद्घाटनाला बाई गेल्या नाहीत. घसा बसला होता, आणि खरं तर त्यांना लहान बाळांची भीती वाटायची.

त्यांच्या गळ्याचं त्या हिवाळ्यात जे नुकसान झालं ते पुढे भरून आलं नाही. वरचा षड्ज गेला तो गेलाच. त्याविषयी त्यांना मी एकदाच हळहळताना ऐकलं, तेही पातेल्यात चहा उतू गेल्यावर जेवढं हळहळतात तेवढंच. आता बाईंना जाऊनही बरीच वर्षं झाली. गुटख्यावर बंदी आली तेव्हा त्या होत्या. लोकांनी अभिनंदनाचे फोन केले. बाई म्हणाल्या, “सुपारी एका पडीकीत आणि तंबाखू दुसऱ्या पडीकीत विकतायत. दोन्ही मिसळायला हात मोकळेच आहेत,” आणि लुना काढून बाजारात गेल्या.

पण मला सांगायचं आहे ते ऑपरेशननंतरच्या नवरात्राचं.

मोठं मैदान अर्थातच हातचं गेलं होतं. कुठलाही मोठा प्रायोजक बाईंना घ्यायला धजत नव्हता. जशभाईंनी अकोट्यात एका सोसायटीचं मोकळं मैदान मिळवलं. रमणभाई बरे होऊन घरी आले होते. गालाला खोल खड्डा, हनुवटी एका बाजूला ओढलेली, आणि बोलणं फार अस्पष्ट. शब्द सगळे एकमेकांत मिसळून यायचे. बाई तोपर्यंत कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. रमणभाईंच्या बाबतीत मात्र त्यांनी सगळ्यांना दम दिला होता: त्यांचं वाक्य त्यांनीच संपवायचं, मध्ये कुणी शब्द पुरवायचा नाही. त्या स्वतः समोर बसून वाट बघायच्या. कधी कधी एका वाक्याला चहा थंड व्हायचा.

पहिल्या दिवशी रमणभाई ढोल घेऊन आले, पण स्टेजच्या मागे पडद्याआड बसतो म्हणाले. तोंड दिसायला नको. बाई म्हणाल्या, “तुम्हाला बसायचं तिथे बसा. ढोल ऐकू आला म्हणजे झालं.” पहिले काही दिवस ते पडद्यामागूनच वाजवत होते. गर्दी आधीच्या मानाने थोडी होती, पण लोक आले होते. ओळखीचे चेहरे दिसायचे. दवाखान्याच्या रांगेतलेही.

अष्टमीला मध्यंतरात बाई माईकजवळ उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं काही बोलणार, इतक्यात पडद्यामागून रमणभाई बाहेर आले. दिव्यात तो चेहरा बघून पुढच्या रांगेतून आवाज उठला, मग शांत झाला. त्यांनी बाईंकडे हात केला. बाईंनी काही न विचारता माईक त्यांच्या हातात दिला आणि बाजूला झाल्या.

रमणभाई बोलले. मला चार शब्द कळले असतील. मैदानात चुळबुळ झाली. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “समजायुं?” तेवढं कळलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून एक मुलगी ओरडली, “नथी समजायुं, काका! फरी बोलो!”

जशभाई पुढे झाले, समजावून सांगायला. बाईंनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

रमणभाईंनी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सोडवत. “मी रमण. ढोल वाजवतो. मी मावा खायचो.” पुढचं पुन्हा मिसळलं. “समजायुं?”

“थोडुं!” लोक म्हणाले. आता सगळेच पुढे सरकत होते. गोल मोडून स्टेजभोवती दाटी झाली. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, केडियातले तरुण, सगळे माना वर करून त्यांच्या ओठांकडे बघत होते. इतकं शांत मैदान मी नवरात्रात कधी ऐकलं नाही. बाजूच्या रस्त्यावरून स्कूटर गेली तिचाही आवाज आला.

तिसऱ्यांदा त्यांनी फक्त शेवटचं सांगितलं. “मला दुखत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तसं करू नका. दुखे त्यारे कही देजो. दुखतं तेव्हा सांगा.” आणि कपाळावरचा घाम पुसून, “समजायुं?”

“हा, काका!” सगळं मैदान म्हणालं.

रमणभाईंनी मान हलवली. माईक जागेवर लावला. पडद्यामागे न जाता तिथेच, दिव्याखाली, ढोल गळ्यात अडकवला आणि कुणाची वाट न बघता पहिली थाप मारली. लोकांनी मागे सरून गोल धरला आणि फिरायला सुरुवात केली. आम्ही कोरसच्या बायका बाईंकडे बघत होतो, त्या गाणं कधी उचलतात म्हणून. बाई उचलत नव्हत्या. स्टेजच्या कडेला, दोन्ही हात पदरात धरून, त्या रमणभाईंकडे तोंड करून उभ्या होत्या. मी हळूच त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी डोक्यानेच मला थांब म्हटलं.

ती फेरी बाई गायल्या नाहीत. नुसत्या ढोलावर मैदान फिरत राहिलं.